घर नंबर सदतीस : ताप नाही

कोल्हापूर
रविवार, ६ ऑगस्ट २००६

चि. संघप्रियास,

जय भीम.

अकरा वर्षांनी लिहितोय, पण खुशाली विचारायला नाही. मोना सिस्टरचा फोन आला होता. तुमच्या भागातल्या तापाच्या रुग्णांचे आकडे ती रोज मला इथल्या कार्यालयात कळवते. मी आजारी रजेवर असल्यामुळं सध्या घरी कळवते. आकडे सांगून झाल्यावर म्हणाली, "सर, तुमची भैन लई खमकी हाय. पोरगं कालधरनं तापलंय, आन् मला आत घेतलं न्हाय. दारात आडवी हुबी. पिशवीवाल्याला ह्या घरात जागा न्हाय, म्हनली."

खांद्याला खाकी पिशवी अडकवून तुमच्या दारात कोण यायचं, हे त्या पोरीला माहीत नाही. तिला तुमच्या गावाला येऊन दोनच महिने झालेत.

मला घरात घेऊ नकोस. तिला घे. तेही जमत नसेल तर निदान हे पत्र वाच. मलकापूरच्या सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ पाकीट दिलं की मोना ते स्टँडवर घेते, आणि दुपारपर्यंत तुझ्या खिडकीत पोचवेल. सोबत एक थर्मामीटर देईल. तो घे.

मी अंथरुणावर आहे. चिकुनगुन्या. आमची निम्मी गल्ली वाकून चालते. ताप तीन दिवसांत गेला, पण बोटं, मनगटं, घोटे सोडायला तयार नाहीत. अक्षर वाकडं आहे ते त्यामुळं. सुमेधचा ताप माझ्यासारखाच असेल असं मात्र धरून चालू नकोस. साथीच्या दिवसांत माणसं सगळ्या तापांना एकच नाव देतात आणि तिथंच फसतात.

पारा झटकून खाली आण, बगलेत धर, पाच मिनिटं. हात लावून बघू नकोस. चुलीपुढून उठलेला हात आणि पाण्यातून काढलेला हात एकाच पोराबद्दल दोन गोष्टी सांगतात. आकडा लिहून ठेव, पण नुसत्या आकड्याला भिऊ नकोस. परवा मला १०२ होता आणि मी उठून चहा केला. चार वर्षांच्या पोराला १०१ असेल आणि तो पाणी पीत नसेल, हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल, तर तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आजारी आहे. मोठ्या माणसाचा ताप त्याला विचारून कळतो. लहान मुलाचा त्याच्याकडं बघून. औषधानं जरा उतरला की तो खेळतो का, खायला मागतो का, बहिणीशी भांडतो का? भांडला तर मला बरं वाटेल.

घोंगडीत गुंडाळायचं नाही. तुझ्या सासूबाई म्हणतील, घाम फुटू दे. त्यांना माझं नाव सांगू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय म्हण. पातळ कपडा घाल, कोमट पाण्यानं अंग पूस, गार पाण्यानं नको. पेज, सरबत, नारळपाणी, घोट घोट का होईना. औषध पॅरासिटॅमॉलचंच, तेही वजन बघून मोना सांगेल तेवढंच. डोकं दुखतंय म्हणून दुकानातली ॲस्पिरीनची गोळी नको. आकडी आलीच तर तोंडात चमचा घालायचा नाही, नाकाला कांदा लावायचा नाही. कुशीवर वळवायचं आणि गाडी बघायची.

आणि मान. त्याला म्हण, तुझी बेंबी बघ. हनुवटी छातीला टेकली तर ठीक. मान ताठ वाटली, उलट्या होत असल्या, उजेड नको म्हणत असेल, तर तासभरही घरी ठेवू नकोस. हे तुला मी सांगायची गरज नाही, हे मला ठाऊक आहे.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये मी तुमच्या गल्लीत फेरीला आलो होतो. भिंतीवर नोंद आहे. घरातून कुणी काही सांगितलं नाही. त्याबद्दल आज एवढंच. आज सुमेधचा ताप मोठा आहे.

तुझा दादा,
बुद्धभूषण


सोमवार, ७ ऑगस्ट

चि. संघास,

कालच्या पत्रातलं एक वाक्य मागं घेतो. 'घरातून कुणी काही सांगितलं नाही' असं मी लिहिलं. ते खोटं नाही. पण त्याच्या आधी लिहायला हवं होतं की मी विचारलं नाही.

मोनाचा दुपारी फोन आला. पाकीट आणि थर्मामीटर प्रीतीनं खिडकीतून घेतलं म्हणाली. तिच्या मूकबधिर शाळेचं वसतिगृह साथीमुळं पंधरा दिवस बंद केल्याचं मला माहीत होतं, पण ती तिथं तुझ्याजवळ असेल हे का कुणास ठाऊक, डोक्यात आलं नव्हतं. मग मोना म्हणाली, "सर, एक इचारू का? त्या घराची भिंत सगळी चुन्यानं पांढरीधोट हाय. जयंतीला रंगीवलेली. पर दारापाशी वीतभर चौकोन तेवढा सोडलाय. आत गेरूनं कायबाय लिवलंय. शेवटची सही तुमची वाटती."

मी तिला म्हटलं, हो, माझी आहे. फोन ठेवला.

म्हणजे अकरा जयंत्या झाल्या, अकरा वेळा तुमची भिंत रंगवली गेली, आणि अकरा वेळा तू त्या चौकोनाच्या कडेनं कुंचला फिरवलास.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला ते क्रमानं लिहून काढायचं आहे. मी डायरी लिहिणारा माणूस आहे. लिहिलं नाही तर मी ते स्वतःपाशीही कबूल करत नाही, असा माझा अनुभव आहे.

हिवताप खात्यातलं आमचं काम तसं साधं होतं. पंधरवड्याला प्रत्येक घर. दारात उभं राहायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "ताप आहे का कुणाला घरात? गेल्या पंधरा दिवसांत आला होता का?" हो म्हणाले तर बोटाला सुई, काचेवर रक्ताचा थेंब, चार गोळ्या. नाही म्हणाले तर भिंतीवरच्या चौकोनात तारीख, 'नाही', आणि सही. तुमच्या गावात मला डास मास्तर म्हणायचे. पोरं गल्लीच्या तोंडाशीच ओरडायची, "आला रं रगात काडनारा!" मला त्या नावाचा राग नव्हता. उलट मी ते डायरीत लिहून ठेवलंय.

त्या वर्षी मे महिन्यात प्रीतीला दोन दिवस ताप होता. साधाच होता. तू तिच्या दंडाला देवऋष्याकडचा काळा दोरा बांधलास. मी आलो, दोरा बघितला आणि पिशवीतलं ब्लेड काढून तुझ्या सासूसासऱ्यांच्या, शेजारणींच्या देखत तो कापला. वर बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या. तुझे सासरे केरबातात्या बाजेवर बसले होते. शांतपणे म्हणाले, "पावनं, दोरा तोडलासा. आता ताप बी तोडा की." सगळे हसले. मला ते हसणं सोसलं नाही आणि मी तुला म्हणालो, "तुला शिकवून फुकट घालवलं." तू म्हणालीस, "तुजी गोळी बी नगं आन् तू बी नगं. ह्या उंबऱ्यावर पाय टाकू नगोस."

दोऱ्यानं ताप जात नाही, हे मी आजही म्हणेन. पण दोरा कापल्यानंही जात नाही. त्या दिवशी मी तुझ्या मुलीचा ताप बघायला आलो नव्हतो, तुझी चूक बघायला आलो होतो.

आता सुमेध. दिवस तिसरा ना? त्याच्या अंगावर बारीक लाल ठिपके आहेत का बघ. काचेचा पेला त्यावर दाब. दाबल्यावरही ठिपके तसेच दिसले तर लगेच कळव. तुमच्या गल्लीतल्या बाळासोच्या दुकानातून फोन कर, मी दिवसभर केव्हाही उचलेन. आणि मोनाला फोनवर सांगितलंय तशी नोंद आजपासूनच ठेव. ताप, पाणी, लघवी. मला उत्तर नको. नोंद हवी.

दादा


मंगळवार, ८ ऑगस्ट

चि. संघा,

सकाळच्या गाडीनं वहीचा कागद आला. पट्टीनं आखलेला, अक्षर गोल आणि स्वच्छ. प्रीतीचं असणार. सोमवार दुपारी दोन : १०२.८. पाणी : दोन फुलपात्रं. लघवी : एकदा. संध्याकाळी सहा : १०३. रात्री नऊ : १०१.६, औषधानंतर. आणि शेवटी तिनं आपल्या मनानं एक रकाना घातलाय, 'भांडण'. त्यात तिन्ही ठिकाणी 'नाही'.

म्हणजे तुम्ही पत्र वाचता. मला एवढं पुरे आहे. नाही, पुरे नाही, पण पुरे आहे असं म्हणून पुढचं लिहितो. आज हे लिहिलं नाही तर पुन्हा कधीच लिहिणार नाही, एवढं मी मला ओळखतो.

१८ ऑगस्ट १९९५. शुक्रवार. कार्यालयाच्या रोजनिशीत माझी नोंद आहे : 'घर क्र. ३७. भेट दिली. ताप नाही.' माझ्या घरच्या डायरीत त्या तारखेला आहे : 'पाऊस. सायकलचा ब्रेक गेला. सदतीस घरं केली.' दोन्ही वह्यांत एक गोष्ट नाही.

मे महिन्यानंतर मी तुमच्या दारात येत होतो, पण विचारत नव्हतो. बाकी छत्तीस घरांत विचारायचो. तुमच्याकडं पागोळ्यांखाली भिंतीला चिकटून उभा राहायचो, तारीख घालायचो, 'नाही' लिहायचो आणि सायकल वळवायचो. सहा फेऱ्या अशा केल्या. मनाशी म्हणायचो, तिनंच सांगितलंय पाय टाकू नको, मी तिचा मान ठेवतोय.

सातव्या फेरीला, त्या शुक्रवारी, आतून रडणं ऐकू आलं. तापलेलं पोर मोठ्यानं रडतं, ते मी नऊ वर्षं दारोदार ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. बारीक, तुटक, मांजराच्या पिलासारखं. मग ते एकदम वाढलं. कुणीतरी उचलून घेतल्यावर पोर शांत होतं. हे उचलल्यावर जास्त रडायला लागलं. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की असं झालं तर मान बघा. मला ते तिथंच, भिंतीला टेकून उभा असताना आठवलं. नंतर नाही. तिथंच.

म्हणजे प्रीतीला उचलणारी तू होतीस, आणि तू दाराच्या मागं होतीस. माझी सायकल तू ओळखली होतीस. मी ती उगाच एकदा आपटून उभी केली.

माझ्या मनात काय आलं ते न सजवता लिहितो. मी म्हटलं, मारेल हाक. गरज लागली की मारेल. तुला हाक मारावी लागेल या कल्पनेनं मला बरं वाटत होतं. मी पाच मिनिटं थांबलो. तू हाक मारली नाहीस. मी गेरूची कांडी काढली, तारीख घातली, 'नाही' लिहिलं, सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी केली. बघ, आजही दिसेल.

सोमवारी तुझा नवरा अतुल प्रीतीला शिरोलीच्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी मोटारसायकलवरून घेऊन कोल्हापूरला आला. मेंदूज्वर. जीव वाचला, ऐकू येणं गेलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस आधी आणली असती तर कदाचित. त्या 'कदाचित'च्या मागं मी अकरा वर्षं लपलो आहे.

आणि याहून वाईट ते पुढचं. साहेब चौकशीला गावात आले. तू सांगितलंस, "आमच्यात कोन बी इचाराय आलं न्हाय." साहेबांनी भिंतीवर बोट ठेवलं. "बाई, तारीख आहे, सही आहे. ताप तुम्हीच लपवलात." मी तिथं दोन हात अंतरावर उभा होतो. तू माझ्याकडं बघितलंस. मी पिशवीचा पट्टा सारखा करत राहिलो. तुझ्या सासूबाई मीनाबाईच गावभर सांगत सुटल्या, "आईनंच ताप दडवला आन् पोरीचं कान घालीवलं." ते मी एसटी स्टँडवर माझ्या कानांनी ऐकलं आणि बदलीचा अर्ज केला.

आता मी काय करणार आहे ते सांगतो. मला माफ कर असं लिहिणार नाही. ते लिहिलं की तुझ्यावर उत्तराची जबाबदारी येते. मी कार्यालयाला अर्ज लिहिला आहे, की १८ ऑगस्ट १९९५ ची नोंद खोटी आहे, मी विचारलं नव्हतं, आणि त्या बाईंनी ताप लपवला नव्हता. उद्या टपालात टाकतो. पंधरा ऑगस्टला तुमच्या गावची ग्रामसभा असते. तिथं मी येऊन तो अर्ज वाचून दाखवणार आहे. काठी घेऊन यावं लागलं तरी. तू ये किंवा येऊ नकोस.

सुमेधची मान बघितलीस का? रकान्यात नाही, मोनाकडूनही निरोप धाडतो. लिही.

दादा


बुधवार, ९ ऑगस्ट
बांबवड्याच्या पुढं, जीपमध्ये

संघा,

गाडी हलतेय, त्यात माझी बोटं. वाचता येईल तेवढं वाच. तू दार उघडलं नाहीस तर ही चिठ्ठी मोना खिडकीतून देईल.

सकाळचा कागद मला दहा वाजता मिळाला. 'मान : बेंबी बघितली. ठिपके : नाहीत. बुधवार सकाळी सहा : ९८.२.' आणि त्यापुढं प्रीतीनं दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, 'ताप नाही.'

क्षणभर मलाही हायसं वाटलं. मोनाला फोन केला, तीही म्हणाली, "सर, उतरला की. आजी नारळ फोडा म्हणतीया." मी कागद खाली ठेवणार होतो. मग पुढचे रकाने वाचले. पाणी : नको म्हणतो. पोट : दुखतं म्हणतो. लघवी : काल दुपारपासून नाही. हात : गार. भांडण : नाही.

ताप उतरलेलं पोर खायला मागतं. झोपलं तरी हाक मारली की चिडतं. ताप उतरला, पण हातपाय गार, पोट दुखतंय, लघवी बंद आणि पोर मलूल, हे बरं होणं नव्हे. डेंगीचा ताप असाच उतरतो आणि खरा धोका तिथून पुढं सुरू होतो. मला खात्री नाही. चूक ठरलो तर मला गावभर हसा. मी ते हसणं या वेळी सोसेन.

बाळासोच्या दुकानात फोन केला होता. तो म्हणाला, "मास्तर, तुमची भैन फोनवर येत न्हाय म्हनती, पर ऐकून घेतलं तिनं सगळं." म्हणून गाडी करून निघालो. ड्रायव्हरच्या मनगटावर तीन राख्या आहेत, आणि तो मला सारखा विचारतोय, "पावनं, भैनीकडं का?" मी हो म्हणालो.

'ताप नाही' हे दोन शब्द आणखी एकदा तुमच्या घरावर लिहिले गेलेत. या वेळी ते खरे आहेत. तरीही मी येतोय.

सुमेधला उचल. मलकापूरला थांबायचं नाही, सरळ कोल्हापूर. वाटेत घोट घोट पाणी.


कोल्हापूर
रविवार, २४ सप्टेंबर २००६

चि. प्रीतीस,

जय भीम.

तुझं वसतिगृहातून टाकलेलं पत्र मिळालं. त्यासोबतचा शेवटचा कागदही. 'भांडण : तीन वेळा. एकदा चावला.' तो मी डायरीत चिकटवलाय. सुमेधला सलाईन लागलेल्या त्या चार दिवसांत तू त्याच्या उशाशी वही घेऊन बसायचीस, ते बघून वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी तुझी वही मागून घेतली होती. "हे कुणी शिकवलं?" म्हणाल्या. तुझ्या आईनं तुझ्याकडं बोट दाखवलं. ते बरोबर होतं. रकाना तूच वाढवला होतास.

तू विचारलंस म्हणून आधी अर्जाचं सांगतो. कार्यालयाचं उत्तर आलं, की १९९५ च्या रोजनिशा मुदत संपल्यामुळं नष्ट केल्या आहेत, सबब दुरुस्ती करता येत नाही. माझे साहेब म्हणाले, "कशाला उकरताय? कागद नाही, तक्रार नाही." मी म्हटलं, मग माझा अर्ज माझ्या सेवापुस्तकाला जोडा. त्यावर मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. त्यात विचारलंय, की त्या दिवशी न विचारता नोंद का केली. मी उत्तर लिहिलं : दाखवण्याजोगं कारण नाही. पुढं काय होईल ते होईल. माझी झोप बरी आहे. सांधे मात्र अजून सकाळी बोलतात.

ग्रामसभेत तू पुढच्या ओळीत होतीस, आणि तुझ्या हातात मी अर्जाची प्रत दिली होती. पण लोक काय म्हणाले ते त्यात नव्हतं. मी वाचून संपवलं. मग बाळासो म्हणाला, "डास मास्तर, अकरा वर्सांनी चावलासा की वो!" काही हसले. तुझ्या आजोबांनी, केरबातात्यांनी, हात वर करून त्यांना थांबवलं आणि तुझ्या आजीला सगळ्यांदेखत म्हणाले, "मीने, ऐकलंस नव्हं? आता गावभर सांगितलंस तसं हे बी गावभर सांग." आजी पदर तोंडाला लावून बसली होती. दुसऱ्या दिवशीपासून ती दुधाच्या रांगेत हेच सांगते, असं मोना सांगते. मी पडताळलेलं नाही.

आता तुझा खरा प्रश्न. तू लिहिलंस, 'मामा, त्या दिवशी जीप आली तेव्हा तुम्ही आणि आई दारात काहीतरी बोललात. मी आईच्या मागं होते, मला तिचे ओठ दिसत नव्हते. तुमचे दिसले पण पाऊस होता. आईला विचारलं तर ती म्हणते मामालाच विचार. सगळ्या गल्लीचे ओठ एकदम का थांबले?'

सांगतो. मी काहीही वाढवणार नाही.

जीप थांबली. मला ड्रायव्हरनं हाताला धरून उतरवलं. तुझी आई उंबऱ्यावर उभी होती. सुमेध तिच्या खांद्यावर, पायांत चप्पल, तुझ्या हातात कपड्यांची पिशवी. म्हणजे ती निघायच्या तयारीत होती. माझ्या येण्याआधीच. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लोकांना वाटेल मी आलो म्हणून सुमेध वाचला. तुम्ही दोघींनी त्याला वाचवलं. मी गाडी आणली.

मी म्हणालो, "संघा, चल. गाडीत बस."

ती हलली नाही. म्हणाली, "आदी इचार."

मी म्हटलं, "काय?"

"तुला ठावं हाय काय. तुजं काम हाय ते. इचार."

शेजारपाजारची माणसं दारांत आली होती. मी तुमच्या भिंतीपाशी होतो, त्या चौकोनाच्या बरोबर शेजारी. पिशवी नव्हती, गेरू नव्हता. मी नऊ वर्षं ज्या आवाजात विचारायचो त्या आवाजात, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी विचारलं, "ताप आहे का कुणाला घरात?"

तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं. सुमेधला खांद्यावर नीट घेतलं. तिचा एक हात मागं, तुझ्याकडं गेला होता, आणि त्यानं तिनं तुझं मनगट धरलं होतं, ते तुला आठवत असेल.

ती सुमेधचं बोलत नव्हती. म्हणाली, "व्हय. हाय. पोरगीला हाय, तीन दिस झालं. ये, आत येऊन बघ."

तुझा मामा,
बुद्धभूषण